पाठ टेकल्यानंतरची लढत

दरवर्षी २६ जानेवारीला आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या पटांगणात मुली रांगेत उभ्या राहतात, एका सुरात ओरडत हवेत ठोसे मारतात, एखादी मुलगी कौल फोडून दाखवते, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘विद्यार्थिनींनी घेतले स्वसंरक्षणाचे धडे’ अशी बातमी येते. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची आत्मरक्षा प्रशिक्षण योजना आहे. तिची मुदत तीन महिने. हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात शिक्षक म्हणून असे जे वर्ग मी पाहिले, त्यांत एकदाही कुणी एखाद्या मुलीचं मनगट खरोखर घट्ट धरलं आणि ‘सोडव आता’ म्हटलं, असं झालं नाही. मुलींनी हवेला हरवलं. हवा उलट जोर लावत नाही.

ज्यु-जित्सू, म्हणजे फेक, पकड आणि पेचांची जपानी झुंजविद्या, हे नाव आता तालुक्याच्या गावातही ऐकू येतं. कराटेच्या पाटीखालीच एक ओळ वाढलेली असते. पोरं मोबाईलवर परदेशातल्या लढती पाहतात आणि मंदिराच्या सभामंडपात एकमेकांना पिळून पाहतात. कुणी पुण्या-नागपूरला जाऊन दोन दिवसांचं शिबिर करून येतं. या ओढीचं मला मनापासून कौतुक वाटतं, म्हणूनच ती ज्या वाटेनं चालली आहे त्याची काळजी वाटते. माझं मत असं, की विदर्भाच्या खेड्यांत ही विद्या रुजवायची असेल तर ती शिबिरांतून आणि पट्ट्यांच्या परीक्षांतून रुजणार नाही. ती गावच्या आखाड्यात, वर्षभर, खरा विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर शिकली पाहिजे आणि तिथे मुलींना मुलांइतकीच जागा मिळाली पाहिजे. पुस्तक आणि स्पर्धा दोन्ही हवीत, पण या सरावाच्या सोबतीनं. त्याच्या जागी नव्हे.

विरोधावर मी एवढा भर का देतो, ते या विद्येच्या इतिहासातच दिसतं. जपानमध्ये ज्यु-जित्सूची अनेक जुनी घराणी होती. त्यांतल्या तेनजिन शिन्यो आणि कितो या दोन घराण्यांत शिकलेल्या जिगोरो कानो या एकविशीतल्या तरुणानं १८८२ मध्ये तोक्योच्या एका बौद्ध मंदिरात कोदोकान हा स्वतःचा वर्ग सुरू केला; तिथली पद्धत म्हणजेच ज्युदो. जागा बारा चटयांची, म्हणजे साधारण वीस चौरस मीटर; आपल्या जिल्हा परिषद शाळेची एक खोली याहून मोठी असते. विद्यार्थी नऊ. कानोंनी केलं काय, तर मोकळ्या सरावातून ठोसे, लाथा आणि हाडं मोडणारे धोकादायक पेच बाजूला काढले. उरलं ते फेकणं, दाबून धरणं, गळ्याचे फास आणि कोपराचे पेच. हे डाव पूर्ण ताकदीनं करता येतात आणि समोरच्यानं हार मानून हातानं थाप मारली की थांबवताही येतात. वरवर पाहता त्यांनी विद्या सौम्य केली. प्रत्यक्षात त्यांचे विद्यार्थी रोज खरं झुंजू लागले, तर जुन्या घराण्यांचा मोठा वेळ ठरलेल्या जोड-कवायतीत जात होता. १८८० च्या दशकात तोक्यो पोलिसांच्या स्पर्धांत कानोंच्या विद्यार्थ्यांनी या घराण्यांच्या पैलवानांना हरवलं. त्यांच्याच कोदोकानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. पुढे बेलेम शहरात त्यानं कार्लोस ग्रेसी या तरुणाला शिकवलं आणि तिथून जमिनीवरच्या झुंजीवर भर देणारी ब्राझिलियन ज्यु-जित्सूची परंपरा वाढली. आज मोबाईलवर दिसतं ते बहुतेक तेच. या सगळ्या प्रवासात नियम बदलले, पोशाख बदलला, देश बदलला. रोज समोरच्याच्या खऱ्या विरोधाशी झगडायचं, एवढं मात्र कायम राहिलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. आखाड्यात उतरलेलं कोणतंही पोरगं पहिल्याच आठवड्यात हे शिकतं. वस्ताद डाव दाखवतात आणि लगेच म्हणतात, ‘कर आता त्याच्यावर.’ तो काही उभा राहून करू देत नाही. म्हणून मला वाटतं, ज्यु-जित्सूसाठी आपल्या खेड्यांची तयारी शहरांपेक्षा जास्त आहे. मल्टिस्टोरीत वाढलेल्या मुलाला अंगाला अंग भिडवायचा संकोच मोडायलाच महिने लागतात. वावरात राबलेल्या, शंकरपटाला आणि दंगलीला गेलेल्या पोराला तो संकोच नसतो.

यावर पहिला आक्षेप वस्ताद मंडळींचाच येतो: ‘आपली कुस्ती असताना हे परदेशी खूळ काहून?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण त्यात आपल्या मातीचं प्रेम आहे. माझं उत्तर असं, की पाठ टेकली की कुस्ती संपते. दोन्ही खांदे जमिनीला लागले, चितपट झाली, निकाल लागला. पैलवानाचं सगळं शिक्षण पाठ लागू नये यासाठी असतं. ज्यु-जित्सू पाठ टेकल्यानंतरची लढत शिकवतं. खाली पडलेला माणूस पाय वरच्याच्या कमरेभोवती कसे आणतो, कुल्हा सरकवून जागा कशी करतो, वरच्याचा हात अडकवून त्याला कसा उलटवतो, तेवढंही जमलं नाही तर निदान उठून पळण्यापुरती फट कशी काढतो. याला त्यांच्याकडे डावाइतकाच मान आहे. स्पर्धेत खालून वरच्याला उलटवलं तर दोन गुण मिळतात, उभ्यानं खाली आणल्यालाही दोनच.

आता हे एखाद्या मुलीच्या जागी उभं राहून पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते: बलात्काराच्या नोंदलेल्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. तो अंधाऱ्या रस्त्यावर चार हात दूर उभा राहून आव्हान देत नाही. तो घरात, गोठ्यात, धुऱ्यावर, शेजारी बसलेला असतो. हात धरतो, ढकलतो, अंगाखाली दाबतो. लाथेला लागणारं अंतर तिथे नसतंच. तीन महिन्यांच्या वर्गात शिकवलेली लांबची लाथ तिथे काय कामाची? पाठीवर पडलेलं असताना न घाबरता श्वास घेणं, हात छातीशी ठेवणं, कुल्हा सरकवणं ही त्या क्षणाची विद्या आहे, आणि ती शंभरदा अंगावर वजन घेऊन केल्याशिवाय अंगात येत नाही. कुस्तीत पाठ लागणं म्हणजे हार, म्हणून कुस्ती हा भाग शिकवत नाही. तिचा तो दोष नाही, तिचा खेळच वेगळा आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण शिबिरवाले ती सांगत नाहीत. ज्यु-जित्सू शिकलेली पन्नास किलोची मुलगी ऐंशी किलोच्या माणसाला हमखास हरवेल, हे खरं नाही. वजनाला अर्थ असतो, म्हणून तर स्पर्धांत वजनगट असतात. हातात विळा असलेल्या माणसापुढे, चार जणांपुढे पळणं हाच डाव. आणि मुलींवरच्या अत्याचाराची जबाबदारी मुलींच्या मनगटावर टाकून समाजाला आणि पोलिसांना मोकळं होता येणार नाही. सरावातून जे खरोखर मिळतं ते बेताचं असलं तरी मोलाचं आहे. अंगावर कुणी आलं तर गोठून न जाण्याची सवय होते आणि आपल्या शरीराच्या ताकदीचा व मर्यादेचा खरा अंदाज येतो. मुलांनाही काही मिळतं, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. समोरच्यानं थाप मारली की त्या क्षणी सोडायचं, मग तुम्ही कितीही जिंकत असा, हा या खेळाचा पहिला नियम. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या अंगात हा नियम रोजच्या सरावातून भिनला तर त्याचा उपयोग गादीबाहेरही आहे.

आता पुस्तकांकडे येतो. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण खेड्यात शिक्षक सहज मिळत नाही आणि पुस्तक मिळतं, व्हिडिओ तर फुकट मिळतो. ‘पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकतं का’ असं म्हणून ही गोष्ट उडवून लावणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. कानोंचीच गोष्ट घ्या. विद्यार्थिदशेत त्यांच्या वर्गात फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड जोडीदार होता, तो काही केल्या हरत नसे. कानोंनी एका जुन्या सुमो पैलवानाकडून डाव विचारून पाहिले, चालले नाहीत. मग ते ग्रंथालयात गेले आणि पाश्चात्त्य कुस्तीवरच्या पुस्तकात त्यांना एक उचल सापडली: वाकून समोरच्याच्या मांडीत हात घालायचा, त्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. ती त्यांनी आधी दुसऱ्या जोडीदारांवर घोटून घेतली आणि मग फुकुशिमाला टाकलं. ज्युदोत तिला काता-गुरुमा म्हणतात. आपल्या आखाड्यातल्या कुठल्याही पोराला हा डाव दाखवा. तो म्हणेल, हा तर कलाजंग.

या गोष्टीत पुस्तकाची ताकद आहे आणि मर्यादाही. कानोंना पुस्तकातून डाव मिळाला, कारण त्यांना नेमका प्रश्न पडलेला होता आणि तो कुणावर करून पाहायचा ती माणसं रोज समोर होती. पुस्तक उघडण्याआधी शरीर शेकडो वेळा पडलेलं होतं. आपली पोरं उलटं करतात. प्रश्न पडण्याआधीच त्यांच्या हातात हजार उत्तरं येतात, तीही तीस सेकंदांच्या तुकड्यांत.

पुस्तकातल्या चित्रात नेहमी डावाचा शेवट दिसतो. माणूस हवेत उचललेला, पाय आभाळाकडे. पण फेकीचे तीन टप्पे असतात: आधी समोरच्याचा तोल काढायचा, मग आपण त्या जागी शिरायचं, मग फेकायचं. चित्र तिसऱ्या टप्प्याचं असतं आणि डाव पहिल्यात ठरतो. समोरच्याचं वजन कोणत्या पायाच्या कोणत्या कडेवर गेलं आहे, हे छायाचित्रात येत नाही. ते हाताला कळतं. म्हणून पुस्तक तिघांनी मिळून वापरावं. दोघं डाव करतात, तिसरा पुस्तक धरून वाचतो आणि पाय कुठे पडले ते पाहतो. मग पाळी बदलायची. आठवड्याला एकच डाव. आणि डाव चालला नाही तर तो का चालला नाही, हे वहीत लिहून ठेवायचं. अशी वही दोन वर्षं ठेवणाऱ्या गटाकडे कोणत्याही छापील पुस्तकाइतकी किमतीची गोष्ट जमा होते.

मोबाईलचा धोका वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. पाऊल काखेत धरून, टाच हाताच्या आकड्यात अडकवून पाय पिळण्याचा एक पेच आहे, हील हूक. दिसायला नाट्यमय, म्हणून व्हिडिओत पुष्कळ सापडतो. त्यात टाच हे नुसतं हँडल असतं. पीळ बसतो गुडघ्याला. वाईट असं, की गुडघ्याचे स्नायुबंध तुटेपर्यंत वेदना पुरेशी जाणवत नाही. थाप मारायची वेळ कळेपर्यंत गुडघा गेलेला असतो. म्हणूनच ब्राझिलियन ज्यु-जित्सूच्या मोठ्या महासंघाच्या नियमांत जाकीट घालून होणाऱ्या लढतींत तो पूर्ण बंद आहे. आमच्या भागात एका पोरानं हाच पेच व्हिडिओ पाहून मित्राला लावला. ऐन सोयाबीनच्या सवंगणीत त्या मित्राचा गुडघा सुजला आणि मजुरी बुडाली. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गळ्याच्या फासाचंही तसंच. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. हा डाव शिकलेल्या माणसाच्या नजरेसमोरच करायचा, लहान मुलांनी करायचाच नाही.

यासाठी मला मराठीत एक चांगलं पुस्तक हवं आहे. आपल्या भाषेला याची सवय आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्यात बसून दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत उभा केला, तोही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. आज मात्र ज्यु-जित्सू शिकू पाहणाऱ्या दारव्हा किंवा दर्यापूरच्या पोराला इंग्रजी मथळे आणि पोर्तुगीज नावं यांतून वाट काढावी लागते. त्या पुस्तकात आखाड्याचे शब्द असावेत. पट, टांग, ढाक, कलाजंग, सवारी ही नावं ज्याला ठाऊक आहेत त्याला अर्धं ज्यु-जित्सू ओळखीच्या भाषेत सांगता येईल. मागून सवारी भरणाऱ्या पोराला पाठीची पकड कळायला फार वेळ लागणार नाही. त्या पकडीला स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गुण आहेत. कोणता डाव कोणत्या वयात करू नये, हे पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत नको, पहिल्या पानावर हवं. आणि सुरुवात पडण्यापासून हवी. हनुवटी छातीला लावून, हात जमिनीवर सपाट मारून पडणं ज्याला येत नाही त्याला पुढचं पान उलटू देऊ नये.

क्लबांबद्दल मला सगळ्यात कडक बोलायचं आहे. तालुक्याच्या गावांत जे चालतं त्यातलं बरंच शिक्षण नसून परीक्षांचा धंदा आहे. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, नव्या रंगाचा पट्टा, प्रमाणपत्र, ट्रॅकसूट. दहा वर्षांच्या लेकराच्या कमरेला दोन वर्षांत काळा पट्टा. आईबाप कापूस विकून आलेल्या पैशातून हे भरतात, कारण त्यांना लेकराचं भलं हवं असतं आणि खरं-खोटं ओळखायचं साधन त्यांच्याकडे नसतं. ते साधन मी देतो. ब्राझिलियन ज्यु-जित्सूत प्रौढांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा आहे, काळ्यापर्यंत पोचायला नियमित सरावाची दहाएक वर्षं लागतात, आणि निळा पट्टा सोळा वर्षांच्या आत मिळत नाही. त्याआधी मुलांसाठी वेगळे रंग आहेत. तेव्हा कुणी तुमच्या बाराव्या वर्षाच्या पोराला ज्यु-जित्सूचा काळा पट्टा देत असेल, तर त्या कागदाची किंमत तुम्हाला कळली. दुसरी खूण याहून सोपी. वर्ग पाहायला जा आणि शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांबरोबर झोंबतो का, ते पाहा. जो वर्षभर कधीच गादीवर उतरत नाही, नुसती शिट्टी वाजवतो, त्याच्याकडे लेकरू ठेवू नका.

या धंद्याला खतपाणी आपल्या व्यवस्थेनंही घातलं आहे. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही सवलती योग्य आहेत, खेड्यातल्या खऱ्या खेळाडूला त्यांचा आधार आहे. पण फारशा माहीत नसलेल्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघडकीस आली, चौकशा झाल्या. तोटा कुणाचा झाला? उन्हातान्हात घाम गाळून खरंखुरं पदक मिळवलेल्या पोराचा. त्याच्या कागदाकडेही आता संशयानं पाहिलं जातं.

म्हणून मला स्पर्धा हव्यात, पण कागदासाठी नाहीत. स्पर्धा ही क्लबच्या शिकवणीची उघडी तपासणी असते. जो शिक्षक आपल्या मुलांना कधीच दुसऱ्या गावच्या मुलांशी लढू देत नाही, तो काहीतरी लपवतो आहे. अडचण अंतराची आहे. नागपूरहून पुणे सातशे किलोमीटर. गोंदिया, गडचिरोलीच्या पोरांना त्याहून लांब. एका लढतीत तीन मिनिटांत हरण्यासाठी तीन दिवसांची मजुरी आणि रेल्वेचा खर्च कोण सोसणार? एकदा जाऊन हरलेलं पोर परत जात नाही, आणि हरून परत गेल्याशिवाय कुणीच शिकत नाही. तेव्हा लढती इथेच झाल्या पाहिजेत. नागपंचमीला, यात्रेला आपल्याकडे दंगली भरतातच. जाणती माणसं अंगकाठी पाहून जोड लावतात, ढोल वाजतो, गाव पंच असतं. त्याच दंगलीच्या आदल्या संध्याकाळी ज्यु-जित्सूच्या दहा-बारा जोडी लावायला काय हरकत आहे? वजनकाटा ठेवा, लहानांना फास आणि पेच बंद ठेवा, गुण फळ्यावर लिहा. चषक नको, प्रमाणपत्र तर नकोच. वर्षातून चार वेळा चार गावांनी आळीपाळीनं हे केलं तर दोन वर्षांत कोणत्या गावात खरं शिकवलं जातं ते पंचक्रोशीला कळेल.

इथे ज्युदोचाही विचार करावा लागतो. ज्युदो शालेय क्रीडा स्पर्धांत आहे, १९६४ पासून ऑलिम्पिकला परिचित आहे, १९९२ पासून महिलांना त्यात पदकं आहेत. सरकारी मार्ग त्याचा मोकळा आहे. ज्यु-जित्सू आशियाई खेळांत आलं तेच २०१८ मध्ये, जकार्ताला. मग नुसता ज्युदोच का नको? कारण आंतरराष्ट्रीय ज्युदोनं २०१० पासून उभ्यानं पायाला हात घालण्यावर बंधनं आणली आणि २०१३ मध्ये ते पूर्ण बंद केलं. आपल्या पोरांचा पट तिथे चालत नाही, कानोंनी पुस्तकातून काढलेला कलाजंगही त्याच्या मूळ रूपात चालत नाही. ज्यु-जित्सूत दोन्ही चालतात. जमिनीवरच्या लढतीलाही तिथे भरपूर वेळ मिळतो. शहाणपण यात आहे की एकाच गादीवर तिन्ही व्हावं: शालेय स्पर्धेसाठी ज्युदो, दंगलीसाठी कुस्ती, खालच्या लढतीसाठी ज्यु-जित्सू. पोरं एकच असतात, अंगही एकच. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला ज्युदोतलं पहिलं पदक मिळवून देणारा कपिल परमार शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातल्या खेड्याचा. लहानपणी शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा शॉक लागला, पुढे दृष्टी अधू झाली. मोटारीचा शॉक ही आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक असलेली गोष्ट. त्या पोराला पकड हाताला कळत होती, आणि ती शिकायला कुणीतरी रोज समोर उभं राहत होतं.

जागेचं म्हणाल तर जागा आहेत. बऱ्याच गावांत आखाड्याची इमारत आहे आणि तिला कुलूप आहे, किंवा आत खताची पोती आहेत. दुसरीकडे सार्वजनिक पैशातून पटांगणात लोखंडी ओपन जिम बसतात, पहिल्या पावसाळ्यात गंजतात, दुसऱ्या वर्षी नट गायब होतात. तोच पैसा गाद्यांना लागला तर वीस लेकरं रोज खेळतील. त्या आल्या नाहीत तरी थांबायचं कारण नाही. जपानी तातामीचा गाभा मुळात भाताच्या पेंढ्याचा. आपल्या झाडीपट्टीत तणसाला तोटा नाही, वऱ्हाडात कुटार आहे. आखाड्याची माती खणून मऊ करायची, वर तणस किंवा कुटार दाबून पसरायचं आणि जाड ताडपत्री ताणून बांधायची, एवढ्यावर शिकणं सुरू होतं. मात्र फरशीवर, सिमेंटच्या सभामंडपात एकही फेक करायची नाही. ताडपत्री रोज फिनाईलनं पुसायची आणि गजकर्ण झालेल्याला बरं होईपर्यंत बाहेर बसवायचं. एकाला झालं की पंधरा दिवसांत सगळ्यांना होतं. उन्हाळ्यात सराव पहाटेच. पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली झोंबणं हा शूरपणा नाही.

शिक्षकांचं काय? इथे विदर्भाकडे एक मोठा वारसा आहे आणि आपण तो वापरत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूनं तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. सुट्टीत व्यायामाचे वर्ग घेऊन गावोगावच्या शिक्षकांना तयार करायची रीत या मंडळानं पूर्वीच घालून दिलेली आहे. तसे उन्हाळी वर्ग ज्यु-जित्सू आणि ज्युदोसाठी व्हावेत, दर तालुक्यातून एक शिक्षक आणि एक शिक्षिका त्यात जावी, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच माणसं पुन्हा जावीत. एका सुट्टीत कुणी तयार होत नाही. तीन महिन्यांच्या योजनेचा शाळेमागे मिळणारा पैसा एखाद्या बाहेरच्या माणसाला देण्याऐवजी या गावातल्याच शिक्षिकेच्या वर्षभराच्या मानधनाला जोडता आला पाहिजे; नियम तसा बदलून मागितला पाहिजे.

राहिला मुलींचा आखाड्यातला प्रवेश. ‘मारुतीसमोर पोरी झोंबतील?’ असं विचारलं जातं, आणि विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांना मी शांतिनिकेतन आठवून देतो. रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी ज्युदो शिक्षकाला तिथे आणलं, तेव्हा शिकणाऱ्यांत मुली होत्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांतल्याच. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या बंगालमध्ये जे झालं ते आज आपल्या गावात होत नसेल तर अडचण देवाची नाही. मूर्तीसमोरची जागा सोडून मागच्या दालनात गादी घाला, वेळ वेगळी ठेवा, शिक्षिका ठेवा, आईला बसून पाहू द्या. या सगळ्या तडजोडी मला मान्य आहेत. मुलींसाठी मात्र शाळेच्या पटांगणातली हवेतली कवायत आणि मुलांसाठी आखाडा, ही वाटणी मान्य नाही.

महाराष्ट्रात १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला ग्रामसभा होते आणि तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. आखाड्याची किल्ली कुणाकडे, आतली पोती कधी निघणार, गाद्यांचा खर्च विकास आराखड्यात कोणत्या नावाखाली बसवायचा, हे ठराव आधी महिलांच्या सभेतून यावेत. मुलींची वेळही त्यांनीच ठरवावी. शेजारच्या गावातून सायकलनं येणाऱ्या मुलीला अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं, कापसाच्या वेचणीत सकाळी तिचे हात मोकळे नसतात आणि संध्याकाळी पाण्याची पाळी असते. हे वेळापत्रक तालुक्याच्या क्रीडा कार्यालयात बसून करता येणार नाही.